अख्ख्या गल्लीचं एकच मत

सुंदरीने ठरवलं होतं की पूल पडणार नाही, म्हणजे पडणार नाही. मग मध्ये महापालिका येवो, नगरसेवक येवो, नाहीतर ते नवीन बोलणारं यंत्र येवो.

पूल म्हणजे काही कावेरीवरचा मोठा पूल नव्हे. कुंभकोणमच्या दक्षिणेला, साक्कोट्टैला जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे एक कालवा वाहतो. त्यावरचा हा दगडी कमानीचा, दोन्ही अंगांना पायऱ्या असलेला, फक्त माणसांनी चालायचा पूल. अलीकडच्या काठावर सुंदरीची गल्ली. तंजावरच्या मराठी राजांच्या मागोमाग आलेली आणि मग इथलीच होऊन गेलेली घरं; घराबाहेर तमिळ, घरात आपली जुनी मराठी. पलीकडच्या काठावर व्यंकोबाचा भजनमठ. दर शनिवारी संध्याकाळी गल्ली पूल ओलांडून मठात जाते. सुंदरी ओळ सांगते आणि बाकीचे ती मागून म्हणतात. आधीचे भागवतर, म्हणजे भजन सांगणारे, वारले तेव्हा सगळी पदं क्रमाने पाठ असलेली ती एकटीच उरली होती. शिवाय जन्मभर शाळेत हेडमिस्ट्रेस. पुढे होऊन सांगायचं आणि समोरच्यांनी म्हणायचं, हे तिच्या अंगवळणीच पडलेलं.

आता कालव्याला काँक्रीटच्या भिंती घालायच्या ठरल्या होत्या. पूल पाडायचा आणि पुढे बसस्टॉपपाशी गाड्यांसाठी नवा बांधायचा, असा बेत. म्हणजे मठात जायचं तर लॉऱ्यांच्या रस्त्याने मोठा वळसा. गल्लीतली निम्मी माणसं साठीच्या पुढची. कोण जाणार? वर्षभरात मठाला कुलूप लागलं असतं. सुंदरीला नुसत्या विचारानेच रात्रीचं जेवण गोड लागेना, कारण शनिवारची ती संध्याकाळ काढून घेतली तर आपल्यापाशी काय उरतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तशात तिच्या नवऱ्याने आधीच एक दुखणं देऊन ठेवलेलं. लक्ष्मीनारायण म्हणजे मठाचा मृदंग. लग्नाआधीपासून वाजवणारा. पण गेली दोन वर्षं स्वारी घरातून हलेना. "कंटाळा आला," एवढंच म्हणायचा आणि टीव्हीवर क्रिकेट लावून बसायचा. सुंदरीने पहिल्या वर्षी समजावलं, दुसऱ्या वर्षी टोमणे मारले आणि शेवटी साक्कोट्टैहून एक मृदंगवाला आणायला सुरुवात केली. त्याला लय होती, पण पद कुठे वळणार हे लक्ष्मीनारायणला तिच्या श्वासावरून कळायचं, तसं याला कळत नसे. म्हणून ती नवऱ्यावर अजूनही चिडलेली होती.

तर ते यंत्र. महापालिकेने या वेळी निर्णय घेण्याआधी लोकांना विचारायचं ठरवलं होतं, आणि तेही नव्या तऱ्हेने. एका नंबरवर फोन करायचा. पलीकडून कृत्रिम बुद्धिमत्ता बोलते. तुम्ही मत सांगायचं, ती ऐकून घेते. सगळ्यांचं ऐकून झालं की कोणाचं काय म्हणणं आहे, कुठे जुळतं आणि कुठे अडतं, ते सभेत सगळ्यांसमोर मांडण्यासाठी लिहून देते. नगरसेवकांनी तिथेच उत्तर द्यायचं. ऐकल्याबरोबर सुंदरीच्या अंगात आलं. "अस्के बोलूं!" ती म्हणाली. अस्के म्हणजे सगळे, एकूण एक.

आणि नवरात्र तोंडावर होतं. त्या दिवसांत इथे घरोघरी कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या, आणि संध्याकाळी बायका या घरून त्या घरी बाहुल्या बघायला जातात. येणारीला हळदकुंकू, विडा, सुंडल म्हणजे नारळ घातलेली हरभऱ्याची उसळ. सुंदरीने या वर्षी नियमच केला. आधी फोन, मग सुंडल. येणारीला दारातच गाठायची, नंबर लावून द्यायची आणि ओळ सांगायची: "आमच्या पूर्वजांच्या काळापासून असलेला हा पूल जसा आहे तसाच राहिला पाहिजे." तमिळमध्ये, अगदी भारदस्त, ग्रांथिक वळणाने. स्वतः रचलेलं वाक्य होतं ते, आणि तिला त्याचा फार अभिमान होता.

बाया मठातल्यासारख्याच मागून म्हणायच्या. तोच सूर, तोच हेल. शेजारच्या सीतालक्ष्मीने तर शेवटी ताल धरला.

यंत्र मग मंजूळ आवाजात काहीतरी पुढे विचारायचं. तुम्ही पूल कशासाठी वापरता, पूल नसला तर काय कराल, असलं काहीबाही. "तेच्या नादी लागू नका, ठेवा फोन," सुंदरी म्हणायची. "आपलं सांगून झालं."

चेन्नईहून रजा काढून आलेली तिची मुलगी मधुमिता हे सगळं बघत होती. ती संगणकावरच काम करणारी. "आई, काय करालीस?" ती एकदा म्हणाली. "तेला बोलूं तर दे."

"तेला कशाला बोलूं द्यायचं? तें ऐकायला आहे!"

दसऱ्यापर्यंत गल्लीतलं एक माणूस शिल्लक राहिलं नाही. पुरुषही झाले. लक्ष्मीनारायणनेही टीव्हीवरची नजर न काढता ओळ म्हणून टाकली. सुंदरी इतकी खुशीत होती की तिने त्याला त्या दिवशी दोनदा कॉफी दिली.

मग मधला अहवाल आला. सभेला तीन दिवस उरले असताना तो वॉर्डातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवला होता. सुंदरीने चष्मा लावून वाचला, खाली सरकवला, पुन्हा वर नेला. बसस्टॉपकडच्या दुकानदारांचं म्हणणं भरभरून होतं: मालाच्या गाड्या, मुलांच्या शाळेच्या व्हॅन, पावसाळ्यात तुंबणारा चौक. त्यांच्या कारणांच्या खाली कारणं. आणि तिच्या अख्ख्या गल्लीच्या वाट्याला एकच ओळ: "पूल आहे तसा राहावा. हे एकच विधान अनेकांनी शब्दशः केले. कारण कोणी सांगितले नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला पायात सरकवून ती तडक वॉर्ड ऑफिसात. तिथे विष्णुवर्धन नावाचा तरुण इंजिनीयर या कामावर होता. मूळचा तिरुनीलक्कुडीचा, बोलायला मऊ. सुंदरीला बघून तो उठून उभा राहिला. हेडमिस्ट्रेसना बघितल्यावर या गावात माणसं आपोआप उभी राहतात.

"आमची एवढी माणसं, आणि एकच ओळ?" तिने तमिळमध्ये सुरुवात केली. "दुकानदारांचे पैसे खाल्ले का तुमच्या यंत्राने?"

"टीचर, बसा ना," विष्णुवर्धन म्हणाला. "हे मतदान नाही. डोकी मोजायची असती तर यंत्र कशाला लागलं असतं? आम्हाला कारणं पाहिजेत. पूल कोणाला, कशासाठी लागतो, काय केलं तर चालेल. तुमच्या गल्लीतून वाक्य तेवढं आलं. यंत्र प्रत्येकाला पुढचं विचारत होतं आणि प्रत्येक जण फोन ठेवत होता."

आता फोन कोणी ठेवायला लावला होता, हे सुंदरीला सांगायची गरज नव्हती.  पण हार मानणं तिच्या स्वभावात नाही. तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर आपटला. "मीच विचारते त्याला."

"नमस्कार," यंत्र म्हणालं. "या नंबरवरून आधी बोलणं झालं आहे. पूल आहे तसा राहावा, असं तुम्ही सांगितलंत. का, ते सांगाल का?"

"का म्हणजे? पूर्वजांचा आहे!"

"समजलं. शेवटचं कधी गेलात पुलावरून?"

"शनिवारी."

"कशासाठी?"

आणि सुंदरी बोलू लागली. आधी फटकारून, मग नुसतं, मग रंगात येऊन. मठाचं सांगितलं. जवळच्या मरुदानल्लूर गावच्या जुन्या भजनाशी नातं सांगणारी आपली परंपरा सांगितली. पुलाच्या माथ्यावर उभं राहिलं की मठातल्या समईचा उजेड दिसतो आणि तिथूनच आपण पहिलं पद गुणगुणायला लागतो, हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तेही सांगून टाकलं. यंत्र मध्येच एखादा प्रश्न विचारायचं, आणि प्रश्न नेमका असायचा. मठात येणाऱ्यांपैकी यायचं कोणी थांबलं आहे का, असंही त्याने विचारलं. "आमच्या घरातलेच एक," ती म्हणाली, "कंटाळलेत," आणि घाईने पुढच्या विषयाकडे गेली.

शेवटी यंत्राने सगळं थोडक्यात परत म्हणून दाखवलं. "पलीकडच्या मंदिरात तुम्ही..."

"मंदिर नाही. मठ. भजनमठ. पुन्हा म्हण."

"चुकलं. भजनमठ," यंत्राने सुधारून म्हटलं.

सुंदरीने विष्णुवर्धनकडे बघितलं. तिचे डोळे चमकत होते. सेवानिवृत्त झाल्यापासून कोणी तिला एवढं विचारलं नव्हतं आणि एवढं ऐकूनही घेतलं नव्हतं. "विद्यार्थी बरा आहे," ती म्हणाली. "सभा कधी आहे म्हणालास? शनिवारी? तोवर फोन चालू राहील ना?"

घरी परतताना ती जवळजवळ धावतच होती. गल्लीच्या तोंडाशीच तिने हाकाटी सुरू केली. अस्के परत बोलायचं! पण या वेळी मी काही सांगणार नाही, ज्याने त्याने आपलं बोलायचं!

झालं, गल्लीत गोंधळच उडाला. जन्मभर मागून म्हणणाऱ्यांना एकदम पुढे उभं केलं की काय होणार?

"पण काय म्हणूं तें तर सांग," सीतालक्ष्मी काकुळतीने म्हणाली.

"जें वाटतें तें."

"मला काय वाटतें?"

"तें मला काय ठाऊक!" सुंदरी ओरडली, आणि मग स्वतःच हसत सुटली.

मधुमिता ओट्यावर मांडी घालून बसली आणि एकेकाला नंबर लावून देऊ लागली. घरातल्याच भाषेत बोला, तिने सांगितलं. अर्धं समजेल, अर्धं परत विचारेल, पण विचारेल नक्की. ही भाषा घराबाहेर कुठल्या सरकारी कामात चालेल असं कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माणसं आधी लाजली आणि मग सुटली. सीतालक्ष्मी फोन घेऊन माजघरात गेली ती बाहेर यायलाच तयार नाही. पोस्टातून निवृत्त झालेले मुकुंदराव मोठमोठ्याने हातवारे करत ओट्यावर येरझाऱ्या घालू लागले. ज्याचं बोलून होई तो लाल चेहऱ्याने बाहेर येई आणि पुढच्याला म्हणे, जा जा, मस्त विचारतंय. दोन दिवस गल्लीत लग्नघर असावं तशी धांदल होती.

अडचण एवढीच की लोक खरंच आपापलं बोलत होते. समोरच्या घरातले कृष्णमूर्ति येऊन सुंदरीपाशी उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "मी पूल पाडा, गाड्यांचा बांधा म्हटलों. माझ्या भावाला तेव्हां अॅम्बुलन्स मिळाली नाही. गाडी पलीकडे अडकून राहिली होती."

सुंदरीने तोंड उघडलं. शाळेत असती तर कान पकडला असता. पण कृष्णमूर्तींचा भाऊ कसा गेला ते गल्लीला माहीत होतं, आणि त्या वेळी ती स्वतः पुलावर उभी राहून पलीकडच्या गाडीला हात करत होती. तिने तोंड मिटलं. "बरं केलात," ती म्हणाली. तिला ते म्हणणं फार जड गेलं.

राहिला लक्ष्मीनारायण. शुक्रवारी संध्याकाळी त्याने आपणहून फोन मागून घेतला, मागच्या अंगणात विहिरीपाशी गेला आणि दाराला बाहेरून कडी घातली. सुंदरी दाराच्या अलीकडे. पलीकडून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. हा माणूस इतका वेळ बोलतो? घरात तर "मीठ" आणि "रिमोट" यापलीकडे शब्द नाही! ती कान लावायला वाकली तेवढ्यात मधुमिताने तिला दंडाला धरून ओढलं.

तो आत आला तेव्हा त्याचे डोळे ओलसर होते आणि चेहरा मोकळा.

"काय म्हणालांत?" सुंदरीने विचारलं.

"तें यंत्राला सांगटलों," तो म्हणाला आणि टीव्ही लावला. सुंदरी फणकारून स्वयंपाकघरात गेली. तिला नक्की वाटलं, हा माणूस पूल पाडा म्हणाला असणार. मठच नको झालाय ना त्याला.

शनिवारी वॉर्डाची सभा एका मंगल कार्यालयात होती, सकाळीच, म्हणजे भजनाच्या वेळेला अडथळा नको. गल्ली झाडून गेली. लक्ष्मीनारायण मधुमिताच्या स्कूटरवरून आला. दुकानदारांची फळी उजवीकडे, गल्ली डावीकडे, आणि मध्ये पंखे गरगरत होते. सुंदरीने पहिलं बोलायला मिळावं म्हणून आधीच नाव देऊन ठेवलं होतं. जसा आहे तसाच राहिला पाहिजे, हे वाक्य तिने घोटून घोटून तयार केलं होतं.

विष्णुवर्धन पडद्यापाशी उभा राहिला. आज त्याचाही आवाज उत्साहाने चढला होता. "तीन दिवसांपूर्वी माझ्यापाशी एका बाजूची कारणं होती," तो म्हणाला. "आज दोन्ही बाजूंची आहेत. आणि गंमत बघा. दुकानदारांना गाड्यांचा पूल हवा आहे, पण हा जुना पाडलाच पाहिजे असं त्यांच्यातले फार थोडे म्हणतात. गल्लीला पूल हवा आहे. पण आहे तसा राहावा, असं..." तो जरा अडखळला. "असं जवळजवळ कोणीच म्हणत नाही."

सुंदरी खुर्चीतच ताठ झाली. जवळजवळ कोणीच? तिचं वाक्य?

"दोन्ही बाजू एका गोष्टीवर जुळतात," विष्णुवर्धन पुढे म्हणाला. "तिथे चालायचा पूल राहावा, पण पायऱ्यांचा नको. उताराचा, कठडा असलेला. स्ट्रेचर जाईल, चाकाची खुर्ची जाईल, भाजीची हातगाडी जाईल. हे यंत्राने सुचवलेलं नाही. हे तुम्हीच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. त्यातलं एक म्हणणं वाचतो. बोलणाऱ्याने नाव न घेता वाचायला परवानगी दिली आहे."

आणि त्याने वाचलं.

"'पलीकडच्या मठात माझी जागा आहे. समईच्या डाव्या हाताला. दोन वर्षांपूर्वी पुलाच्या पायरीवर माझा गुडघा दुमडला. मी कठडा धरायला गेलो, पण तिथे कठडाच नाही. कोणी बघितलं नाही. मी बसून राहिलो आणि मग घरी परतलो. बायकोला सांगितलं, कंटाळा आला. मला हात धरून कोणी त्या पायऱ्या चढवलं असतं, पण मला तसं जायचं नव्हतं. तिच्यापुढे तर नाहीच. शनिवारी वारा तिकडून आला की तिचा आवाज ऐकू येतो. मी टीव्ही मोठा लावतो, नाहीतर बोटं मांडीवर वाजायला लागतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.'"

 सुंदरीच्या कानात नुसतं गरगरत होतं, पंखे की आणखी काय कोण जाणे. मग तिला आपलं नाव पुकारलेलं ऐकू आलं. पहिलंच.

ती उठली. माईकपर्यंत गेलीच नाही. दोन रांगा ओलांडून लक्ष्मीनारायणच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डासमोर, दुकानदारांसमोर, नगरसेवकांसमोर, घरातल्या भाषेत ओरडली, "दोन वर्षं! मला सांगायला काय म्हणून तोंड उघडलं नाही?"

लक्ष्मीनारायणने मान वर केली. तो घाबरलेला नव्हता. "तू समजावलीस," तो म्हणाला. "रागावलीस. मृदंगवाला आणलीस. विचारलीस कधी?"

 सुंदरी वळली, माईकपाशी गेली आणि तमिळमध्ये म्हणाली, "माझं आधीचं वाक्य खोडून टाका. मला उताराचा पूल हवा. लवकर हवा." एवढंच बोलून तिने माईक कृष्णमूर्तींच्या हातात दिला. पुढे पुष्कळ बोलणं झालं. दुकानदार बोलले, सीतालक्ष्मी चक्क दोनदा बोलली, आणि नगरसेवकांनी उभं राहून सांगितलं की पाडायचा बेत मागे घेतो, उताराच्या पुलाचं चित्र काढून पुढच्या सभेत आणतो. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. अनोळखी माणसं एकमेकांचे हात हातात घेत होती. मुकुंदराव एका टायरवाल्याला मिठी मारताना दिसले.

या सगळ्या कल्लोळात सुंदरी नवऱ्याशेजारची खुर्ची ओढून बसली. 

"पूल व्हायला वर्ष लागेल," ती म्हणाली. "अत्तां मी विचारतें. तोंवर शनिवारी तुम्हांला वाजवायचं असेल, तर काय करायचं?"

लक्ष्मीनारायणने थोडा विचार केला. "भजन अलीकडे आणायचं," तो म्हणाला. "गल्लीत. आपल्या ओट्यावर."

मठ सोडून? व्यंकोबा तिकडे आणि भजन इकडे? पिढ्यान् पिढ्या कोणी केलं नाही ते? उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, भारदस्त, ग्रांथिक, एका वाक्यात विषय संपवणारं. तिने ते गिळलं.

"बरं," ती म्हणाली. "आणखी सांगा."